भावसारबाईंचा संशय

हॉस्टेलवर राहायला आले त्या दिवशी भावसारबाईंनी माझ्या भावाला दारातच थांबवलं आणि मला विचारलं, "सख्खा की मानलेला?"

"सख्खा आहे, बाई."

"नाक तुझ्यासारखं नाही."

भाऊ बिचारा शिंदखेड्याहून माझी ट्रंक आणि वळकटी घेऊन आलेला. बाईंनी त्याला बाजूला नेऊन आमच्या आजोळचं गाव विचारलं, मग माझ्याकडे येऊन तेच विचारलं. उत्तरं जुळली तेव्हा ट्रंक आत गेली. भाऊ नाही गेला. त्याला बाहेरच्या बाकावर तांब्याभर पाणी मिळालं. मी काही विद्यार्थिनी नव्हते. जळगावच्या त्या कॉलेजात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नुकती लागले होते. शहरात एकट्या बाईला खोली कोण देणार, म्हणून कॉलेजनं मुलींच्या हॉस्टेलातली कोपऱ्यातली खोली मला दिली होती. हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "मग तर जास्तच बघायला हवं. तुला पगार आहे."

साठीचं दशक संपत आलं होतं. मुली शिकायला बाहेर पडत होत्या आणि त्यांच्यामागे गावाचे डोळे पडत होते. आमच्या हॉस्टेलात ते सगळे डोळे भावसारबाईंच्या रूपानं हजर होते. बाई कॉलेजात भूगोल शिकवायच्या आणि हॉस्टेलच्या रेक्टरही होत्या. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. रबरी तळाच्या चपला घालायच्या, आवाज होऊ नये म्हणून. मुली त्यांना सीआयडी म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं.

त्यांचा संशय कुणालाही सोडायचा नाही. दूधवाल्यानं दूध ओतलं की त्या त्यात बोट बुडवून ते उन्हात धरून बघत. मुलगी म्हणाली की अमळनेरची गाडी वाटेत बंद पडली म्हणून उशीर झाला, तर दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन त्या गाडीच्या कंडक्टरला गाठत. चूक सापडली तरी रागवत नसत. "पुढच्या वेळी दुसरं कारण आण, हे संपलं," एवढंच म्हणत. वर्गातही तेच. भिंतीवर नकाशा टांगायच्या आणि पोरांना बजावायच्या, "यावर माझा पूर्ण विश्वास नाही. काढणारा माणूसच असतो." तापीचं वळण पुस्तकात दाखवलंय तसंच आहे की नाही हे बघायला त्यांनी एकदा अख्खा वर्ग भर उन्हात नदीवर नेला होता. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असायचा. "जागा बघितली का?"

त्यांच्याबद्दल मात्र कुणालाच काही ठाऊक नव्हतं. नवरा आहे की वारला, माहेर कुठलं, सुट्टीत कुठे जातात, काही नाही. बोलायच्या अगदी शुद्ध, पुस्तकी मराठी. जगाची उलटतपासणी घेणाऱ्या या बाईला उलट प्रश्न विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

कॉलेजात त्यांच्या अगदी उलट माणूस म्हणजे महाजनसर, आमचे खेळांचे शिक्षक. गोरे, हसरे, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारे. त्यांनी कबड्डीचा असा संघ बांधला होता की शेजारच्या जिल्ह्यातली कॉलेजं आमचं नाव निघालं की गप्प होत. संघाचा कप्तान सुरेश, रावेरकडच्या डोंगरपायथ्याचा. आईबाप केळीच्या बागेत मजुरीला जात. चढाईला निघाला की प्राध्यापकसुद्धा तास सोडून मैदानाच्या कडेला उभे राहत. या मुलाचा अभिमान वाटावा असंच सगळं होतं, आणि मलाही तो वाटायचा.

एका थंडीत महाजनसर सुरेशला घेऊन हॉस्टेलच्या फाटकाशी आले. सुरेशच्या डोक्यावर भरताच्या वांग्यांची मोठी पाटी होती. मुलींसाठी भरीत करू या, असं सरांचं म्हणणं. मुली खिडक्यांतून टाळ्या वाजवत होत्या. बाईंनी पाटी उतरवून घेतली आणि फाटक लोटलं.

"वांगी आत येतील. तुम्ही नाही."

"अहो बाई, मुलांसारखी मुलं ही. भावंडंच की."

"भावंडांना मी ओळखते, सर. रोज दोन-तीन येतात."

सर हसले, पण कानापर्यंत लाल झाले. मुलींनी त्या रात्री बाईंना नावं ठेवत भरीत खाल्लं. बाई सगळ्यांत शेवटी जेवल्या. या प्रसंगानंतर बाई आणि सर यांचं जमत नाही, असं कॉलेजभर झालं. पुढे ही गोष्ट बाईंच्या विरुद्ध फार वापरली गेली.

त्याच वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामने धुळ्याला होते. आमचा मुलांचा कबड्डीचा आणि मुलींचा खो-खोचा असे दोन्ही संघ जाणार होते. मुलींबरोबर एखादी बाई पाठवा, असं भावसारबाईंनी प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्य म्हणाले, "महाजन आहेत ना." बाईंनी स्वतः जायची तयारी दाखवली, तर म्हणाले, तुमचे तास बुडतील. संघ गेले, दोन दिवसांनी परत आले. मुलांनी ढाल आणली. स्टँडपासून कॉलेजपर्यंत मिरवणूक निघाली.

मुलींच्या संघात मंदा होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विशीची, एरंडोलजवळच्या गावची. वडील कापसाच्या जिनिंग कारखान्यात मुकादम. तोंडानं फटकळ पोरगी, जेवायला बसली की वरणाच्या डावावरून स्वयंपाकीणबाईशी भांडायची. धुळ्याहून आल्यावर तिनं भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खिडकीजवळची खाट तिनं ओढून भिंतीला लावली. तिसऱ्या दिवशी बाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि मलाही. कुणाचीही चौकशी करताना बाईंना तिसरं माणूस लागायचं.

"काय लपवतेस?" बाईंनी नेहमीच्याच सुरात विचारलं. "कुणाबरोबर फिरलीस धुळ्यात?"

मंदा त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फिरले नाही, बाई."

ज्या शाळेत संघ उतरले होते तिथे दुसऱ्या संध्याकाळी सुरेशनं एका मुलाबरोबर निरोप पाठवला, सरांनी किट मोजायला बोलावलंय. मागच्या बाजूला किटची खोली होती. दिवे गेलेले होते. खोलीत सर नव्हते, सुरेश होता. त्यानं आतून कडी लावली. पुढचं मंदानं जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. तिनं ते एकदाच, न रडता, न थांबता सांगितलं. ती ओरडली होती. तेव्हा पलीकडे मुलं ढालीची गाणी म्हणत होती.

मी मंदाजवळ जाऊन बसले. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "खोलीचं दार कुठल्या दिशेला?" मला त्या क्षणी त्यांचा संताप आला. मंदानं मात्र सांगितलं, विहिरीकडे. बाईंनी आणखी चार-पाच असेच कोरडे प्रश्न विचारले. मग उठून तिला आपल्या खाटेवर झोपवलं, कॉलेजच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं आणि मला म्हणाल्या, "उद्या पहिल्या गाडीनं धुळे."

धुळ्याची ती शाळा मला अजून दिसते. सुट्टी होती, फाटक उघडं होतं. बाई सरळ आत शिरल्या. मुलं उतरली होती ते वर्ग, मुलींचा वर्ग, मग मागे विहीर, आणि विहिरीकडे तोंड केलेलं खोलीचं दार. मंदानं सांगितलं तसंच सगळं. बाईंनी आत जाऊन कडी लावून पाहिली आणि मला बाहेर उभं करून आतून हाक मारली. मला ती ऐकू आली. मग मला पुढच्या व्हरांड्यात पाठवलं आणि पुन्हा हाक मारली. तिथेही आली.

शाळेसमोर एका मारवाडी शेठजींचं किराणा दुकान होतं. बाईंनी तिथे पावशेर खोबरं घेतलं, भावात घासाघीस केली आणि मग सहज विचारल्यासारखं, सामन्यांच्या वेळी फार गर्दी झाली असेल, नाही?

"पूछो मत बाई," शेठजी म्हणाले. "आणि त्यात दुसऱ्या दिवशी शामको पूरी गल्ली अंधारात. दिवेलागणीपासून लाइट नाही, सकाळीच आली. खेळायला आलेल्या मुली मेणबत्त्या न्यायला आल्या, माझा डबाच खाली झाला."

परतीच्या गाडीत मी बाईंना म्हटलं, "मंदावर तुम्ही विश्वास ठेवलात, हे फार बरं केलंत."

"ठेवला नव्हता," बाई म्हणाल्या. "म्हणून तर आले. विश्वास ठेवला असता तर तुझ्यासारखी तिच्याशेजारी बसून राहिले असते."

मला ते लागलं. थोड्या वेळानं त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

बाई प्राचार्यांना भेटल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "फार गंभीर आहे" असं म्हटलं आणि चौकशी समिती नेमतो म्हणाले. बाईंना बरं वाटलं असावं. पण समिती बसायच्या आधी प्राचार्यांनी तार करून मंदाच्या वडिलांना बोलावून घेतलं, तेही परस्पर. हे आम्हाला कळलं ते मुकादम हॉस्टेलच्या फाटकात उभे राहिले तेव्हा. प्राचार्यांनी त्यांना चहा दिला होता आणि समजावलं होतं, मुलगी दमली आहे, काही दिवस घरी न्या, बोभाटा झाला तर तिचंच नुकसान.

"बाई, मी तिले घर लई जास," ते हात जोडून म्हणाले. "शिकनं बठ्ठं पुरे झायं."

आणि भावसारबाई, आमच्या शुद्ध मराठीवाल्या, त्यांच्याशी त्यांच्याच अहिराणी बोलीत बोलायला लागल्या.

"बसा भाऊ. पानी प्या पह्यले. आंडेर तुमनी शे, पन तिले एक डाव इचारी तं ल्या."

मुलगी तुमची आहे, पण तिला एकदा विचारून तर घ्या, असं त्या म्हणत होत्या. मी चकित होऊन बघत होते. मुकादम बसले. मंदाला बोलावलं. वडिलांनी तिला विचारलं नाही, त्यांना विचारताच येईना, ते नुसते तिच्या पायांकडे बघत राहिले. मग बाईंनीच विचारलं, तुला काय हवं? पोलिसात जायचं तर मी येते बरोबर.

मंदा बाईंकडे बघून म्हणाली, "पोलीस नको. मला परीक्षा द्यायचीय. आणि तो माझ्यासमोर यायला नको."

पोलीस नको हे बाईंना पटलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. पण त्या म्हणाल्या, "ठीक आहे. तू म्हणतेस तसं." मुकादम एकटेच परत गेले.

समिती प्राचार्यांच्या खोलीत बसली. प्राचार्य, संस्कृतचे एक वृद्ध प्राध्यापक, महाजनसर आणि भावसारबाई. ज्यांच्या भरवशावर मुली गेल्या होत्या तेच सर समितीत कसे, असं बाईंनी आधीच विचारलं होतं. प्राचार्य म्हणाले होते, त्यांच्याशिवाय माहिती कोण देणार? माझं अक्षर बरं म्हणून कामकाज टिपायला मला बसवलं होतं. सुरेशला आत खुर्ची होती, पुढ्यात पाण्याचा पेला. मंदाला बाहेरच्या बाकावर ठेवलं होतं. तिथून खेळाडू मुलं मुद्दाम ये-जा करत होती, कुणीतरी शीळ घालत होतं. बाईंनी दार उघडून ते पाहिलं, मंदाला आत आणलं, आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. प्राचार्यांना शिपायाकडून आणखी एक खुर्ची मागवावी लागली.

प्राचार्य बोलायला लागले. दोन्ही मुलं आपलीच आहेत. एकीकडे मुलीची अब्रू, दुसरीकडे गरिबाच्या मुलाचं आयुष्य. विद्यापीठाच्या संघात निवड तोंडावर आली आहे. काही गैरसमज झाला असेल तर तो इथेच मिटवू. प्रत्येक वाक्य ऐकायला चांगलंच होतं. म्हणूनच मला भीती वाटत होती.

संस्कृतच्या सरांनी मंदाला विचारलं, "तू त्या वेळी त्या खोलीत गेलीसच का?"

"हा प्रश्न मी तिला विचारला आहे," बाई म्हणाल्या. "सरांचा निरोप होता म्हणून गेली. आता मी तोच प्रश्न याला विचारते. सुरेश, तू त्या वेळी त्या खोलीत का गेलास?"

"मी गेलोच नाही, बाई. सगळ्या मुलांबरोबर होतो. सरांना विचारा."

त्याचा आवाज स्थिर होता. मैदानावर जिंकल्यावर असायचा तसाच. सरांनी मान डोलावली.

"माझ्या नजरेसमोर होता पोरगा. मी संध्याकाळभर व्हरांड्यात बसून होतो. तिथून काही चुकणं शक्य नाही."

"संध्याकाळभर?" बाईंनी विचारलं.

"संध्याकाळभर. झोपायला गेलो तोपर्यंत."

"कंटाळला असाल. काय करत होता?"

"कंटाळा कसला? पेपर वाचत होतो. आपल्या विजयाची बातमी आली होती पहिल्या दिवसाची."

"कुठे बसून?"

"सांगितलं ना, व्हरांड्यात, दिव्याखाली."

"त्या संध्याकाळी तिथे दिवे नव्हते, सर. अख्ख्या गल्लीत नव्हते. दिवेलागणीला गेले ते सकाळी आले. तुम्ही जिथे पेपर वाचत होता तिथे दिवे होते. ती जागा कुठली?"

सर हसायला गेले आणि ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. त्यांची सासुरवाडी धुळ्याचीच, हे सगळ्यांना माहीत होतं. मुलींना कप्तानाच्या भरवशावर टाकून सर जावयाचा पाहुणचार घेत होते. सुरेशकडे मी पाहिलं. तो सरांकडे बघत होता, जणू त्यांनी अजून काहीतरी बोलावं. मग त्यानं मान खाली घातली.

"म्हणजे मी फक्त किट मोजायला बोलावलं होतं तिला," तो म्हणाला.

मंदानं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"हे टिपू नका," प्राचार्य मला म्हणाले.

"टीप," बाई म्हणाल्या. मी टिपलं. पुढे टाइप होऊन आलेल्या कागदात मात्र ते वाक्य नव्हतं.

प्राचार्यांनी सभा संपवली आणि सगळ्यांना चहा मागवला. भावसारबाईंनी चहा घेतला नाही. मंदाचा हात धरून त्या बाहेर पडल्या.

निर्णय झाला तो असा. सुरेशचा गुडघा दुखावला आहे, म्हणून तो विद्यापीठाच्या निवडीला जाणार नाही. मग त्याला कॉलेज सोडल्याचा दाखला मिळाला, चांगल्या वर्तणुकीच्या शेऱ्यासकट, आणि तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात गेला. पुढल्या वर्षी त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला, विद्यापीठाच्या संघातून खेळताना. आमच्या जिमखान्यात कुणीतरी तो कापून भिंतीला लावला. महाजनसरांना कुणी काही विचारलं नाही. मंदा राहिली. भावसारबाईंच्या खोलीतच राहिली आणि परीक्षेला रोज बाई तिला वर्गाच्या दारापर्यंत पोचवायला जात. ती दुसऱ्या वर्गात पास झाली. नंतर एरंडोलकडे शाळेत लागली, लग्न झालं, असं ऐकलं. तिनं मला कधी ओळख दाखवली नाही. ते मला समजतं.

बाईंचं रेक्टरपद त्याच उन्हाळ्यात गेलं. प्रकृतीच्या कारणास्तव, असं सूचनाफलकावर लागलं. बाईंना माझ्या माहितीत पडसंही होत नसे. स्टाफरूममध्ये त्या आल्या की गप्पा थांबत. वांग्यांच्या पाटीचं निमित्त करून त्यांनी महाजनांवर सूड उगवला, असं लोक बोलत. मुलीचं त्यांना काय पडलंय, असंही. खरं सांगायचं तर, बाईंनी हे सगळं नेमकं कशासाठी केलं, हे मलाही पुरतं कळलं नव्हतं. मंदासाठी, की सरांवरच्या रागापोटी, की कुणी खोटं बोलून सुटलेलं त्यांना बघवत नसे म्हणून? एकदा मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुला काय वाटतं ते पक्कं करायच्या आधी चार ठिकाणी विचार." बस. स्वतःवर संशय घेतलेलाही त्यांना चालत होता.

पुढे माझं लग्न झालं आणि मी धुळ्याला येऊन एका ऑफिसात नोकरीला लागले. मध्ये बरीच वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्याचं कानावर आलं होतं. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीला आमच्या घराजवळच्या मैदानावर मुलींच्या खो-खोचे सामने होते. ऑफिसातून परतताना मी सहज डोकावले, तर प्रेक्षकांत, डोक्यावर पदर घेऊन, भावसारबाई. केस पूर्ण पांढरे. मी जवळ जाऊन पाया पडले. त्यांनी मला ओळखलं, आणि आधी माझ्यामागे कोण उभं आहे ते बघितलं.

"कुणाबरोबर आलात, बाई?"

"मुलींबरोबर."

"कुठल्या कॉलेजच्या?"

"ते विचारलं नाही अजून."

सामना संपला. मुली रांगेनं जवळच्या शाळेत मुक्कामाला निघाल्या आणि बाई त्यांच्यामागून, काही अंतर ठेवून, चालू लागल्या. मीही गेले. घरी चला म्हटलं, तर म्हणाल्या, उद्या बघू. मुली एका वर्गात शिरल्या. बाईंनी दारात उभं राहून आत नजर फिरवली, खिडक्या बघितल्या, आणि मग बाहेरच्या पायरीवर बसल्या. गळ्यात शिट्टी अडकवलेला एक तरुण माणूस लगबगीनं आला.

"आजी, इथे बाहेरच्या माणसांना बसता येत नाही."

"तुम्ही कोण?"

"मी यांचा कोच."

बाईंनी पदर सावरला आणि पायरीवर थोडं सरकून जागा केली.

"मग बसा इथे," त्या म्हणाल्या. "माझ्याशेजारी."